बंद शटरच्या आतला गारवा

"दर्शने, गॅरेजात गारवा केलास तर तो घरी यायचा न्हाई बघ," सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या होत्या. मी हसले. म्हटलं, "आई, मग आपणच सगळे तिकडं राहायला जाऊ की!"

खरं सांगायचं तर माझ्या मनात तेच होतं.

माझ्या नवऱ्याचं, शिवशंकरचं, गॅरेज नवीन जालन्यात आहे, बियाणं कंपन्यांच्या गोदामांमागं. पूर्वी नुसते पत्रे होते. मागच्या मे महिन्यात जीपखाली काम करताना यांना भोवळ आली, पाय धरून बाहेर ओढावं लागलं. त्यानंतर भिंतींना आणि छताला पफचे पॅनल बसवले, दोन्हीकडून पत्रा आणि मध्ये जाड फोम. ऊन आत यायचं थांबलं, पण इंजिनांची गरमी बाहेरही जाईना. मग एसी घ्यायचं ठरलं. निवडायचं काम माझ्याकडं, कारण "शिकलेली तू."

लेक नुकती मान धरायला लागली होती. तिला खांद्यावर घेऊन आम्ही रामप्रसादशेठच्या दुकानात गेलो.

"चाळीस बाय तीस, वर सोळा फूट?" शेठ म्हणाले. "वहिनी, हा तर मंगल कार्यालयाचा हिशोब झाला."

"मोठा कूलर बसवला तर?" यांनी विचारलं. आमच्या भागात कूलरवर फार श्रद्धा.

"बंद जागेत कूलर लावला तर नुसता दमटपणा, शिवाभाऊ. तुमच्या पान्यांना गंज चढंल."

पॅनलमुळं दोन-दोन टनांचे दोन एसी पुरतील असं ठरलं. तेही छताजवळ नाही, माणूस वाकून काम करतो तिथवर गारवा पोचेल इतक्या खाली. मी धूर बाहेर टाकणारा मोठा पंखाही घ्यायला लावला.

"थंडी इकत घ्यायची आन बाहेर फेकायची?" हे म्हणाले. "एसी हाय ना हवा बदलायला."

"एसी हवा बदलत नाही हो. आतलीच हवा थंड करून फिरवतो. गाडी चालू केली की धूर आतच राहणार."

"घ्या भाऊ, गुपचूप घ्या," शेठ म्हणाले. "माझ्या घरी बी मी असाच गुपचूप असतो."

मी मनात त्या गॅरेजच्या कोपऱ्यात सतरंजीही अंथरून ठेवली होती. दुपारी लेक तिथं झोपेल, मी डबा उघडेन, हे येऊन शेजारी बसतील. लग्न झाल्यापासून दुपारचं जेवण आम्ही दोघांनी मिळून असं कधी घेतलंच नव्हतं.

एसी सुरू झाले त्या दिवशी डबा घेऊन गेले. काय तो गारवा! अंगावरचा घाम क्षणात वाळला. पण यांनी पंखा बंद ठेवला होता. थिनरचा वास, डिझेलचा धूर. लेक खोकायला लागली, डोळे लाल. यांनीच तिला उचललं आणि बाहेर उन्हात माझ्या हातात दिलं.

"पोरीला इथं नको आणू."

बरोबरच होतं त्यांचं. शटर खाली येईपर्यंत पायांना आतली थंड हवा लागत होती.

घर तापायला लागलं तशी मी लेकीला घेऊन जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीला माहेरी आले. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेल्यात. त्यामुळं हे गॅरेजातच जेवतात, गॅरेजातच झोपतात. आणि त्या पत्र्याच्या पॅनलमधून फोनची रेंज जात नाही, हे एसी निवडताना कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हे बाहेर आले तरच बोलणं होतं.

"काय करून राह्यले?"

"इंजिन ऐकून राह्यलो. शटर लावलं की बाहेरचा आवाजच न्हाई, दर्शना. गाडीचा रोग जल्दी सापडतो."

"पंखा लावता ना?"

"लावतो की."

"आत्ता लावलाय?"

"पोरगी काय करून राह्यली?"

"रांगायला लागली. तुम्ही बघायला पाहिजे होतं."

"रविवारी येतो. बिलकुल येतो."

आज रविवार. सकाळी यांचा फोन आला होता, एका गाडीचं काम उरकतो आणि दुपारच्या जेवणाला पोचतो. मी पुरण घातलं. लेकीला नवा फ्रॉक घातला. उन्हं कलली तरी हे नाहीत. फोन लावते, तर तीच बाई सांगते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. रविवार, त्यामुळं कामाची माणसं सुट्टीवर आहेत. रामप्रसादशेठ लग्नाला गेलेत, फोन उचलत नाहीत. माझा भाऊ कल्याण मोटरसायकलवर निघालाय, पण इथून जालना म्हणजे तासाभराच्या वर.

कदाचित इंजिनात डोकं घालून वेळ विसरले असतील. तसंच असू दे.

पण तुम्ही नवीन जालन्यात असाल, तर एवढं करा. गोदामांच्या मागच्या गल्लीत शेवटचं निळं शटर. ते आतून कुलूप लावत नाहीत, म्हणून ठोकत बसू नका, सरळ वर उचला. आत गाडी चालू असेल तर आधी हवा येऊ द्या, मग हाक मारा. शिवशंकर म्हणून. चिडतील तुमच्यावर, काम बिघडवलं म्हणतील. चिडू द्या. फक्त बाहेर आणा त्यांना.