भावोजींची राजकन्या

माझे भावोजी रहस्यकथा लिहितात. पहिल्या पानावर मुडदा, दुसऱ्यावर पोलीस, उगाच पाल्हाळ नाही. त्यांची पुस्तकं मीच छापतो. त्यांच्या बायकोचा भाऊ आणि वर प्रकाशक, त्यामुळे नावं ठेवायचा मला दुहेरी हक्क आहे. आमची पद्धत ठरलेली: हस्तलिखित मी पेन्सिलीने भादरायचं, त्यांनी काही दिवस अबोला धरायचा, मग पुस्तक हातोहात खपायचं.

या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच जादूच्या राज्याची कादंबरी लिहायला घेतली, कारण त्यांच्या मुलीला तसली पुस्तकं आवडतात. माझी भाची पंधरा वर्षांची. ती हॉस्पिटलात होती. डॉक्टरांनी उपचार थांबवले होते, दुखू नये एवढंच आता बघत होते. भावोजी रोज तिच्या खाटेशी बसून नवं प्रकरण वाचून दाखवायचे.

मी ते बाड वाचलं आणि कपाळाला हात लावला. राजकन्या संकटात सापडली रे सापडली की एक सोनेरी पक्षी औषध घेऊन हजर. विष प्यायली, पक्षी आला. दरीत पडली, पक्षी आला. इतकं पुचाट त्यांनी जन्मात लिहिलं नव्हतं. मला संताप आला, आणि ते असं का लिहितायत हे कळत होतं म्हणून जास्तच आला.

ताई म्हणाली, "या वेळी काही बोलू नकोस त्यांना. छापून टाक, ती आहे तोवर."

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेलो, तेव्हा भावोजी चहा आणायला खाली गेले होते. भाचीने विचारलं, "मामा, कसं वाटलं पुस्तक?"

"छान आहे."

"थापा नको मारूस. फालतू आहे. बाबा वाचायला लागला की मी झोपेचं सोंग घेते."

"अगं, तुझ्यासाठी लिहितायत ते."

"माझ्यासाठी कुठे? स्वतःसाठी लिहितोय. तू सांग त्याला. तुझं ऐकतो तो."

भावोजी कप घेऊन आत आले. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मी म्हणालो, "भावोजी, पुस्तक जमलेलं नाही."

एरवी ते उखडले असते. आज फक्त म्हणाले, "कुठे बिघडलंय?"

उत्तर भाचीनेच दिलं. "बाबा, त्या पक्ष्याला हाकलून दे. राजकन्या मरते. तिथून पुढे लिही."

"पुढे काय उरतं लिहायला?"

"राजा उरतो ना. तो सकाळी उठतो का, जेवतो का, राणीशी धड बोलतो का, ते मला ऐकायचंय. आणि जरा लवकर लिही."

भावोजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. चहा निवून गेला. मग ते म्हणाले, "त्या दिवशी राजा जेवत नाही."

"बरं," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या दिवशी?"