लोरेन्त्सची नडगी

अमेरिकेतली यादवी संपली, फुटून निघालेलं दक्षिणेचं राज्य बुडालं, तेव्हा कुठे तिथे वसलेल्या कम्फर्ट गावच्या जर्मनांना आपल्या पोरांची हाडं आणायची मोकळीक मिळाली. तीन वर्षं ती न्युएसिस नदीकाठी उघड्यावर पडली होती. दक्षिणेच्या फौजेत जाऊन अमेरिकेशी बेइमानी नको म्हणून ही पोरं मेक्सिकोकडे निघाली आणि दक्षिणेच्या शिपायांनी ती वाटेतच कापली. पुरायला येईल त्यालाही फासावर देऊ, असा दम भरला होता मेल्यांनी!

आडेलहाइडबाईंचा मुलगा लोरेन्त्स त्यांच्याबरोबरच निघाला होता. पण काही जण निसटून मेक्सिकोत पोचले होते, आणि बुडत्याला काडीचा आधार, तशा बाई तेवढ्यावर तगून होत्या.

गाडीतून हाडांची पोती उतरली. सगळ्यांना एकाच खड्ड्यात ठेवून वर नावांचा दगड उभारायचा, असं गावानं ठरवलं होतं.

"आधी मला बघू दे," बाई म्हणाल्या. "लहानपणी झाडावरून पडला होता. डाव्या पायाची नडगी वाकडी जुळली होती त्याची."

"काकू, कशाला जिवाला त्रास?" गोटहिल्फ सुतार म्हणाला.

"जीव माझा आहे. तू पोतं सोड."

त्यांनी एकेक हाड हातात घेऊन पाहिलं. वाकडी नडगी कुठेच नव्हती.

"नाही यात! नाव कोरायचं नाही हं त्याचं!" बाई चक्क हसल्या.

गोटहिल्फनं मान खाली घातली. "काकू, निम्मी हाडं लांडग्यांनी नेली. उरली तेवढी वेचली आम्ही."

दुसरं गाव असतं तर पाद्री पुढे झाला असता. या लोकांनी देवाला राजेरजवाड्यांबरोबर समुद्रापलीकडेच सोडलं होतं, आणि पाद्र्यांची सर्वांत जास्त टिंगल बाईंनीच केली होती. आता देवाची मर्जी म्हणायचीही सोय नव्हती. फार वाईट वेळ ती.

"तुझा भाऊ मेक्सिकोतून परत आला ना रे?" बाईंनी हळूच विचारलं. "त्याला दिसला होता का लोरेन्त्स?"

"दिसला होता. मेक्सिकोत नाही, नदीकाठीच. त्याच्या शेजारीच पडला."

"आल्या दिवसापासून ठाऊक होतं तुम्हाला?"

"हो."

"मग आज कशाला सांगितलंस?"

"तुम्ही आज विचारलंत, काकू."

बाईंनी पोत्याचं तोंड बांधलं आणि नाव कसं लिहायचं ते त्याला सांगितलं.