दारचा चाबूक

अस्पाया धार काढून परतली, तेव्हा तंबूच्या दाराच्या खुंटीवर चाबूक लटकत होता. मुठीवरच्या हाडाच्या गरुडावरून तिने तो लगेच ओळखला. फार्नागचा, धाकट्या दिराचा. तिच्या नवऱ्याच्या, अर्दारच्या थडग्यावरची माती अजून नीट बसलीही नव्हती.

सासू आत चुलीपाशी बसली होती. "संध्याकाळच्या धारेपर्यंत तो तिथेच राहिला, की तू त्याची आणि घोड्याही त्याच्या. आपल्यात बाईचं मन विचारत नाहीत, पोरी."

"आणि कुणी काढला तर?"

"परक्या पुरुषाने हात लावला तर रक्त सांडतं."

"मी कुठे पुरुष आहे, आत्याबाई?"

बाईने स्वतःच चाबूक उतरवल्याचं सासूने कधी ऐकलं नव्हतं. त्यामुळे त्याला मनाईही ऐकली नव्हती.

अस्पायाने चाबूक कमरेला खोचला आणि ती घोडीवर बसली. टोळीची सभा नदीच्या वळणावर भरली होती. तिथे बोलायचं असेल, तर चाबूक मधे टाकावा लागे. रिकाम्या हाताच्या माणसाला शब्द नसे. अर्दारचा चाबूक रीतीप्रमाणे त्याच्याबरोबर मातीत गेला होता, म्हणून आजवर ती गप्प होती.

घोडीवरून न उतरताच तिने चाबूक सभा चालवणाऱ्या म्हाताऱ्या कोलाकच्या पायांशी फेकला.

"कोलाकबाबा, मला बोलायचंय."

फार्नाग ताडकन उठला. "वहिनी, तो माझा आहे."

"होता, भावजी. तुम्ही माझ्या दारी टांगलात. दिलेलं परत मागतात का?"

कुणीतरी खुदकन हसलं. कोलाकने डोळे बारीक केले. "फार्नाग, बोलायचं असेल तर चाबूक टाक."

फार्नागचा हात कमरेकडे गेला आणि तसाच राहिला. शेजारच्या साइताककडे तो वळला. "तुझा दे जरा."

साइताकने आपला चाबूक बुटात आणखी खोल दडपला. "चाबूक आणि बायको उसनी देत नाहीत, बाबा. तू तर दोन्ही फुकटात न्यायला निघालास."

आता मात्र सभा मनमोकळी हसली. अस्पाया हसली नाही.

"मी कुणाच्या तंबूत जाणार नाही," ती म्हणाली. "घोड्या मी राखीन."

"बाईमाणूस. लांडगे आले तर?" कोलाकने विचारलं.

"गेल्या हिवाळ्यात आले होते. अर्दार तापाने पडला होता. तेव्हा कळपापाशी कोण उभं होतं, ते यांनाच विचारा. भावजी तेव्हा शेकोटीपाशी होते."

ते सगळ्यांना ठाऊक होतं. कोलाकने आजूबाजूला पाहिलं. "हिच्याविरुद्ध बोलणारा आहे कोणी?"

एकही चाबूक पडला नाही. फार्नागचे ओठ हलत होते, पण त्याच्याकडे बघायला कुणी तयार नव्हतं.

"मग घोड्या हिच्या," कोलाक म्हणाला. "हिच्या दाराच्या खुंटीलाही पुन्हा कुणी हात लावायचा नाही. उचल पोरी चाबूक, आता तुझाच."

"नको. त्याचा त्याला द्या," अस्पायाने घोडी वळवली. "माझा चाबूक मीच वळेन. तोवर बोलायचं झालं, तर अशीच रिकाम्या हाताने येईन. ऐकायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."