काटकोनी कोपरा

मासेमारीचा हंगाम तोंडावर आला की चिंबोते बंदरातली माणसं शहाणपण गुंडाळून ठेवतात. आमचे मालक अबुंदियो, सगळ्यांचे मानाने डॉन अबुंदियो, त्यात सगळ्यांत पुढे. त्यांच्या गोदीत बोटींच्या पत्र्यांचं गणित मी करते. त्यांचा एकुलता एक मुलगा योनेल यंदा पहिल्यांदाच कप्तान होणार होता. त्याच्या बोटीच्या डेकवर मासळी ओतायला मोठं तोंड कापलं होतं, कोपरे अगदी काटकोनात.

संगणकात पत्र्याचे चौकोन पाडायचे आणि कुठे किती ताण येतो ते बघायचं. मोठे चौकोन पाडले, तेव्हा डेक हिरवागार, म्हणजे सुरक्षित दिसला. निम्म्या आकाराचे केले, कोपरा पिवळा झाला. आणखी निम्मे केले, लाल.

"झालं का खाजवून?" मालक म्हणाले. "जितकं खाजवाल तितकं रक्त येणार. मोठेच ठेवा."

"मोठ्या चौकोनात कोपऱ्यातला ताण आसपास पसरून दिसेनासा होतो. बारीक केले की आकडा वाढतच जातोय, म्हणजे कोपराच चुकलाय. तो गोल कापा, आकडा थांबेल."

"आठवडा मोडेल. पोराचा पहिला हंगाम आहे, बाईसाहेब. मोडता घालू नका."

"मग सही तुमची."

त्यांनी मोठ्या चौकोनांचा कागद छापून घेतला आणि त्यावर केली. तो हिरवा कागद योनेलने सुकाणूजवळ, कोळ्यांचा संत सान पेद्रितो याच्या तसबिरीखाली चिकटवला. मला राग आला होता. पण माझ्या रागाने बोट थोडीच थांबणार होती?

बोट परत आली नाही. दुसऱ्या बोटीने चौघांना आणलं. मोठ्या लाटेत डेक कोपऱ्यापासून फाटत गेला, असं ते म्हणाले. योनेल त्यांच्यात नव्हता.

योनेलसाठीच्या प्रार्थनेचे नऊ दिवस झाल्यावर डॉन अबुंदियो काळ्या सदऱ्यात माझ्याशेजारी येऊन बसले.

"बारीक करा."

मी केले. आकडा वाढला.

"अजून."

पुन्हा वाढला.

"थांबत कसा नाही हो?"

"काटकोनात नाही थांबत."

त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "कोपरा गोल करून दाखवा."

मी केला. चौकोन बारीक केले, आणखी बारीक केले. आकडा जागचा हलला नाही. सगळा डेक हिरवा होता.

"छापा," ते म्हणाले. कागद बाहेर आला तेव्हा त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं.

"यावर सही तुमची, बाईसाहेब."