पंखवालीचे कोंबडे

कारखान्यात तिला सगळे पंखवाली म्हणत, कारण पट्ट्यावर तिचं काम पंख कापायचं. साखळीला उलटी टांगलेली कोंबडी समोर आली की डाव्या हाताने पंख ताणायचा, सुरीचं टोक सांध्यात घालायचं आणि मनगट वळवायचं. एक पंख तिचा, दुसरा पलीकडच्या बाईचा. हे ती इतकी वर्षं करत होती की झोपेतही तिचं मनगट वळायचं आणि नवरा आपली चादर सांभाळत पलीकडे सरकायचा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत नवीन लागलेल्या एका मुलीने सहज विचारलं, "ताई, कोंबडी उडते का हो?"

पंखवालीला माहीतच नव्हतं. लहानपण तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत गेलं. कारखान्यात समोर यायची ती कोंबडी बिनडोक्याची, बिनपिसांची, धुऊन गार केलेली. आजवर किती पंख हातावेगळे केले त्याला गणती नव्हती, पण कोंबडी चालते कशी हे तिने कधी धड पाहिलं नव्हतं.

ते तिच्या मनाला लागलं. घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं, "मी कोंबड्या पाळणार आहे."

नवरा दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर. बोलायला मिश्कील, पण बायकोच्या आड येणारा नव्हे. तो म्हणाला, "दिवसभर कोंबड्या कापतेस आणि घरी कोंबड्या पाळणार? न्हाव्याने दुकान बंद करून घरी दाढी वाढवावी तसं झालं हे."

पिल्लंवाल्याने मात्र तिला नीट समजावलं. "ही दोन्ही कामांची जात आहे, बाई. माद्या अंडी देतील, नर खायला होतील. पण घाई असेल तर नेऊ नका. कारखान्यातली कोंबडी दीड महिन्यात ताटात येते. हे कोंबडे आधी चार-पाच महिने तुमचं डोकं खातील, मग तुम्ही त्यांना खा."

तिने खोकंभर पिल्लं आणली. मोरीशेजारच्या कोपऱ्यात भुसा पसरला, वर पिवळा बल्ब टांगला. पिल्लं बल्बखाली गठ्ठा करून बसली की त्यांना थंडी वाजते आणि कडेला पांगून चोची उघडून बसली की उकडतं, एवढं तिला दोन दिवसांत कळलं. मग ती बल्ब वर-खाली करत बसायची. सुरुवातीला बारीक पिल्लाखाद्य, मग मक्याचा भरडा आणि पेंड, भाजीवाल्याने टाकून दिलेली कोबीची पानं. अंगणात सोडल्यावर तर त्यांनी स्वतःच बाजार मांडला. एका गांडुळासाठी दोन कोंबडे दोन्ही टोकं धरून ओढू लागले की ती हातातलं काम टाकून बघत राही. माद्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या डब्यात ठेवायची. कोंबडे त्यात चोच घालायला आले की त्यांना हाकलायची.

"उडते," तिने त्या नव्या मुलीला सांगितलं. "कुंपणापर्यंत. त्यापुढे तिला आळस येतो."

तिची धाकटी बहीण त्याच कारखान्यात पॅकिंगला होती आणि मागच्याच गल्लीत राहायची. तिला हे सगळं पटत नव्हतं. कुंपणावर कोपरं टेकून ती विचारायची, "काय गं ताई, तुझा कोंबडा मला कधी खायला मिळणार? माझी नातवंडं झाल्यावर?"

"तुझे दात शाबूत ठेव म्हणजे झालं," पंखवाली म्हणायची.

मग कोंबड्यांना कंठ फुटला. पहिले काही दिवस घसा बसलेल्या माणसासारखे ओरडले आणि मग एका सकाळी सगळे एकदमच नीट आरवले. त्याच आठवड्यात मुकादमाने तिला पट्ट्यावरून बाजूला बोलावलं आणि साहेबांच्या खोलीत नेलं. कोणी सांगितलं हे तिने विचारलं नाही. अंगणात कोंबडे आरवू लागल्यावर चुगलखोराची गरज उरत नाही.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली. "इथे काम करणाऱ्याने घरी कुठलाही पक्षी पाळायचा नाही, हे कामावर घेतानाच सांगितलेलं असतं," ते म्हणाले. "घरच्या कोंबड्यांचा रोग बुटांवरून, कपड्यांवरून येतो. कोंबड्या वाढतात त्या शेडमध्ये शिरला तर शेडच्या शेड मरून पडतात."

"मी शेडमध्ये जात नाही, साहेब. माझ्यापर्यंत येते ती कोंबडी मेलेली असते. तिला आणखी काय रोग होणार?"

"गाड्या शेडवरूनच येतात आणि शेडवरच परत जातात. नियम सगळ्यांना एकच आहे."

हे खोटं नव्हतं, आणि पंखवालीलाही ते कळत होतं. ती म्हणाली, "मग मला थोडा वेळ द्या. कोंबडे तयार झाले की कापते. माद्यांचं तेव्हा बघू."

"या रविवारपर्यंत," साहेब म्हणाले. "सोमवारी कामावर याल तेव्हा घरात एकही पक्षी नको."

रविवारी धाकटी सकाळीच आली. चहा निम्माच पिऊन म्हणाली, "त्यात काय एवढं? आत्ताच काप सगळे. प्रश्न मिटला. शेवटी कापणारच होतीस ना?"

पंखवाली उठली, अंगणातून एक तांबूस कोंबडा काखेत धरून आणला आणि धाकटीचं बोट धरून त्याच्या छातीवर ठेवलं.

"काय लागलं?"

"हाड."

"सुरीच्या पात्यासारखं, हो ना? आत्तापर्यंतचं सगळं खाणं पायांत आणि उंचीत गेलंय. अंगावर मांस आता चढायला लागेल. आत्ता कापून काय खाऊ, पिसं?"

"मग विकून टाक."

"विकायला नाही वाढवले. खायला वाढवलेत. पण तयार झाल्यावर. आणि माद्यांनी तर अजून एक अंडंसुद्धा दिलेलं नाही."

धाकटीने कपाळाला हात लावला. "हट्टी आहेस. आईवर गेलीस अगदी."

"आई कुठे हट्टी होती?"

"आपल्याला पट्ट्यावर लावू नका म्हणून बाबांशी महिनाभर बोलली नव्हती. विसरलीस?"

"शेवटी हरलीच ना."

"हरली म्हणून हट्टी नव्हती असं थोडंच आहे," धाकटी म्हणाली, आणि उरलेला चहा न पिताच निघून गेली.

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. या वेळी त्याने विनोद केला नाही. "एकट्याच्या पगारावर घर ओढायला दम लागेल," तो म्हणाला. मग धाकटीचा कप उचलत म्हणाला, "ओढू. पण उद्या तिथे जाऊन रडू नकोस."

"रडतेय कशाला?" ती म्हणाली.

सोमवारी ती वेळेवर कामावर गेली. जाळीचा हातमोजा, पांढरे गमबूट आणि स्वतःच्या हाताला बसलेली ती सुरी तिने मुकादमाच्या टेबलावर ठेवली.

मुकादम चक्रावला. "कोंबड्यांपायी नोकरी सोडतेस? अगं, लोक हसतील."

"हसू देत," पंखवाली म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही ठरवाल त्या वेगाने कापत आले. तुम्ही पट्टा वाढवलात, मी हात वाढवला. मनगट सुजलं तर फडकं बांधून आले. कधी तोंड उघडलं नाही. पण माझ्या अंगणात कोण कधी तयार होणार, ते तुमच्या पट्ट्याने ठरवायचं नाही."

मुकादमाने गमबूट उचलून उगाच आत डोकावून पाहिलं.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. तिला इस्पितळाच्या धुलाईघरात काम मिळालं. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून तिची कंबर धरायची. घरी कोंबडे एकमेकांच्या तुऱ्यांचे लचके तोडायला लागले. तेव्हा तिने जुन्या पलंगाची जाळी उभी करून अंगणाचे दोन भाग केले. धाकटी फिरकेनाशी झाली. तिला मुकादमाच्या नजरेखाली दिवस काढायचे होते. पंखवालीला ते समजत होतं, आणि तरी राग येत होता.

पण खाण्यात तिने कसूर केली नाही. तिने मका वाढवला. नवरा गाडीतलं फाटलेलं दूध आणायचा, त्यात ती भरडा भिजवून द्यायची. कोंबडे त्यावर तुटून पडत. रोज संध्याकाळी ती एकेकाला पकडून छातीवर बोट फिरवायची. ते हाड हळूहळू बुजत गेलं. एका संध्याकाळी तिने बोट फिरवलं आणि कोंबडा खाली सोडत नवऱ्याला म्हणाली, "उद्या याला आणि त्या दुसऱ्याला नुसतं पाणी. परवा सकाळी."

त्या सकाळी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. आयुष्यभर कोंबड्या कापूनही तिने एकही मारली नव्हती. ते काम भिंतीपलीकडे, दुसऱ्या माणसांचं. तिने कुंपणाच्या खांबाला पत्र्याचं मोठं नरसाळं ठोकलं होतं. त्यात कोंबडा उलटा सोडला की डोकं खालून बाहेर येतं आणि तो शांत राहतो.

"मी करू का?" नवऱ्याने विचारलं.

"नको. वाढवलाय मी."

कोंबड्याचं डोकं तिच्या तळहातात उबदार होतं. त्याने एकदा पापणी मिटली. ती थांबली, श्वास घेतला आणि सुरी एकदाच, खोल फिरवली. डोकं तिने सोडलं नाही. धडपड पूर्ण थांबेपर्यंत ते धरून ठेवलं, आणि नजर वळवली नाही. मग ओट्याशी वाकून तोंडावर पाणी मारलं आणि दुसऱ्या कोंबड्याकडे गेली.

गरम पाण्यात बुडवून पिसं उपटली. पुढचं हातांनी आपोआप केलं. तिचं फक्त पाहायचं राहिलं: पिवळी चरबी, अरुंद छाती, गडद मांड्या आणि तोडताना जोर लावावा लागेल असे सांधे. हे पाय धावलेले होते. दिवसभर तिने मांस गारव्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कांदा, मिरी आणि मीठ घालून मंद आचेवर चढवलं.

पातेल्याला उकळी फुटली तेवढ्यात दार वाजलं. धाकटी. हातात ताजा पाव, आणि नजर जमिनीवर.

"वास आला," ती म्हणाली.

"ये," पंखवाली म्हणाली.

तिघं जेवायला बसली. धाकटी एक तुकडा बराच वेळ चावत राहिली. नवरा रस्सा पावाला लावून गुपचूप खात होता.

"चिवट आहे गं," धाकटी म्हणाली.

"चाव."

धाकटी चावत राहिली. हाड चोखून झाल्यावर तिने न विचारता पातेल्यातला दुसरा तुकडा घेतला. मग म्हणाली, "मुकादमाने निरोप दिलाय. तुझ्या जागेवरची बाई टिकत नाही. म्हणाला, कोंबडे आता संपत आले असतील. माद्या कुणालातरी देऊन टाक आणि परत ये. साहेबांशी तो बोलेल."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. पंखवालीने बोटं चाटली आणि खिडकीतून खुराड्याकडे पाहिलं. आत करडी मादी पिसं फुलवून अंड्यांवर बसली होती. तीन दिवस झाले, ती कुणालाही जवळ येऊ देत नव्हती. सकाळीच तिने पंखवालीच्या मनगटावर चोच मारली होती.

"त्याला सांग," पंखवाली म्हणाली, "माझी कोंबडी खुडूक बसलीय. मला सवड नाही."

धाकटीने तो निरोप जसाच्या तसा दिला की थोडा मऊ करून, ते पंखवालीला कधी कळलं नाही. मुकादमाने मात्र पुन्हा विचारलं नाही. आणि पिल्लं बाहेर पडली त्या सकाळी धाकटी कामावर जाण्याआधी कुंपणापर्यंत आली. आत न येता, हात मागे बांधून, किती नर निघतील याचा अंदाज बांधत उभी राहिली.