समोरच्यांची किल्ली

कुलूपवाल्या काकांच्या दाराआड खिळ्याला जी किल्ली टांगलेली असे ती त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनाघराची नव्हती, समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या धर्माच्या लोकांची होती. काकांच्या लोकांची किल्ली समोर सुईणताईंकडे. पणजोबांच्या काळी दोन्हीकडची डोकी फुटली, तेव्हा थकून भागून मोठ्या माणसांनी ही रीत पाडली. रोज सकाळी यांनी त्यांचं दार उघडायचं, त्यांनी यांचं. कानाकोपरा झाडायचा नि आपल्या कामाला लागायचं. असं कुठे असतं का हो? इथे होतं, आणि कुणाला त्याचं नवलही नव्हतं!

त्या संध्याकाळी पुतण्या आला. हल्ली तो नको तितकं गोड बोलायचा.

"काका, ती किल्ली द्या ना. तासाभराचं काम आहे."

"त्यांच्या प्रार्थनाघरात तुझं कसलं रे डोंबलाचं काम?"

तो नुसता हसला. "राहिलं. पण घरात ठेवताय, तर जपा. उद्या काही झालं तर नाव तुमचंच येईल."

ज्याची वस्तू त्याच्या हाती दिलेली बरी, असं म्हणत काकांनी किल्ली मुठीत घेतली. बाहेर दुकानं वेळेआधीच बंद होत होती. ओळखीची माणसं नजर चुकवत होती. अर्ध्या वाटेत सुईणताई समोरून आल्या, त्यांचीही मूठ आवळलेली.

"माझा लेक तुमची किल्ली मागत होता, दादा. मेल्याचं लक्षण काही ठीक दिसत नाही. तुमची तुम्हीच सांभाळा."

दोघांनी किल्ल्या बदलल्या. ताईंना रडू आवरेना. काकांना मात्र, खोटं कशाला बोला, हायसं वाटलं.

काका घरी परतले तर पुतण्या उंबऱ्यावरच बसला होता. मागे ताडपत्री घातलेली हातगाडी, आणि रॉकेलचा भपकारा.

"आपली आणलीत ना?" त्याने किल्ली अलगद काढून घेतली. "हीच तर हवी होती. सकाळी झाडायला परकं माणूस येत होतं, तोवर आत काही ठेवायची सोय नव्हती."

"अरे मेल्या, देवाच्या घरात हे?" काका ओरडले. गाडी तोवर हललीसुद्धा.

आपल्याच हाताने घात केला! काका धापा टाकत समोरच्या गल्लीत धावले. तिथल्या प्रार्थनाघराचं दार सताड उघडं होतं. सुईणताईंचा लेक हातगाडीवरून डबे उतरवत होता, आणि ताई रिकाम्या हातांनी भिंतीला टेकून उभ्या होत्या.