मागच्या भेटीचे आभार

आमच्या बर्फाळ टेलेमार्क मुलुखात माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, मागच्या भेटीबद्दल आभार. ती भेट बरी झाली होती की वाईट, याचा विचार कुणी करत नाही, सवयीने जीभच बोलून जाते. जानेवारीत माझी मुलगी इंगुन दोन हिवाळ्यांनंतर डोंगरावर स्की शिकवायला परत आली, तेव्हा वर नेणाऱ्या लिफ्टच्या पायथ्याशी माझीही जीभ तशीच बोलून गेली. आमची मागची भेट त्याच उतारावर झाली होती आणि तिला स्ट्रेचरवर घालून नेत होते. पुढे इस्पितळात तिने मला खोलीत येऊ दिलं नव्हतं.

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं, स्की खांद्यावर टाकल्या आणि किंचित लंगडत निघून गेली. मी तिथेच मूर्खासारखा उभा राहिलो.

तीस वर्षं मी या डोंगरावर बर्फ सपाट करायचं यंत्र चालवतोय. पोरं ज्यांच्यावरून उड्या मारतात ते बर्फाचे उंचवटे मीच बांधतो. उंचवट्यापुढे तिरकी उतरण ठेवावी लागते, म्हणजे उडणारा तिच्यावर अलगद टेकतो. त्या दिवशी इंगुनने मला विचारलं होतं, उतरण पुरेशी लांब आहे ना. मी म्हणालो, तू जन्मायच्या आधीपासून बांधतोय, मला शिकवू नकोस. उतरण आखूड होती. इंगुन ती ओलांडून पुढे गेली, सपाटीवर आदळली आणि तिच्या गुडघ्याचा चुरा झाला. चौकशीला माणसं आली तेव्हा मी सांगितलं की थंडीने बर्फ काचेसारखा झाला होता आणि पोरीला वेग आवरला नाही. तेच कागदावर गेलं. तिने तो कागद वाचला.

त्या उंचवट्यांवरून मी स्वतः आयुष्यात कधी उडालो नव्हतो. एकोणसाठाव्या वर्षी, फेब्रुवारीत, मी तिच्या नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

वर्गात सात पोरं होती, सगळ्यांत मोठं अकरा वर्षांचं. इंगुनने यादी वाचली आणि माझं नाव 'हालवर' असं बाकीच्यांसारखंच पुकारलं. तिच्या तोंडून बाबा ऐकायची सवय असलेल्या माणसाला ते फार लागलं. पण तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

रोज वर्ग सुरू व्हायच्या आधी ती माझ्या उतरणीवरून चालत जायची आणि ओठांत पुटपुटत पावलं मोजायची. मी बघतोय हे तिला माहीत होतं.

आधी सपाटीवर, गुडघे वाकवून जागच्या जागी उड्या. मग बुटक्या उंचवट्यावरून सरळ उडी. मग हवेत असताना हाताने बुटाजवळ स्कीला शिवायचं. माझा हात जेमतेम गुडघ्यापर्यंत पोचायचा. सुन्निवा नावाची नऊ वर्षांची पोरगी म्हणाली, "आजोबा, बूट आणखी खाली असतो." सगळे हसले. जेवणाच्या सुट्टीत मात्र तिनेच मला अर्धं संत्रं दिलं आणि मी तिला माझ्या तपकिरी चीजच्या पावातला तुकडा.

शेवटच्या आठवड्यात अर्धी गिरकी आली. सरळ उडायचं, हवेत वळायचं आणि पाठमोरं टेकायचं. इंगुनने सगळ्यांना सांगितलं, "आधी डोकं वळवा, अंग आपोआप येतं. आणि टेकल्यावर खांद्यावरून मागे बघत राहा. मागे बघत नाही तो पडतो." माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ते वाक्य माझ्यासाठी नसेलही, पण माझ्या छातीत रुतलं.

मी पाच वेळा पडलो. सहाव्या वेळी जिद्दीने जरा वरून निघालो. उंचवट्याच्या टोकावर डोकं वळवलं, अंग खरंच मागून आलं आणि खाली बघतो तर उतरण संपत आलेली. उडी बाहेरून दिसते त्याहून कितीतरी लांब जाते, हे मला त्या क्षणी कळलं. पायांखाली नुसती सपाटी येताना दिसली. माझ्या पोरीला दोन हिवाळ्यांपूर्वी हेच दिसलं होतं, आणि याहून चारपट उंचीवरून.

मी उतरणीच्या अगदी शेवटच्या हातभर जागेत टेकलो, पाठमोरा घसरत गेलो, मागे बघायचं विसरलो आणि कुंपणाच्या जाळीत जाऊन पडलो. इंगुन धावत आली. पोरंही आली. मला उठवत नव्हतं, म्हणून तसाच पडल्या पडल्या बोललो.

"इंगुन, बर्फ कडक नव्हता. उतरण आखूड होती. मी बांधली होती. तुझा वेग बरोबर होता."

तिने माझे बूट स्कीतून सोडवले, हाताला धरून मला उभं केलं आणि पोरांना घेऊन वर गेली. सोमवारी मी डोंगराच्या कचेरीत जाऊन तो जुना कागद मागवला आणि खरं काय ते लिहून खाली सही केली. यंत्र काढून घेतील अशी भीती होती. काढून घेतलं नाही, पण घेतलं असतं तरी मी लिहिलं असतं, असं आता वाटतं.

पुढच्या शनिवारी सकाळी मी लिफ्टच्या पायथ्याशी फावड्याने बर्फ ओढत होतो. इंगुन समोरून आली. यावेळी मी जीभ दाताखाली धरून ठेवली.

ती थांबली. हातमोजा काढला, पुन्हा घातला.

"मागच्या भेटीबद्दल आभार, बाबा," ती म्हणाली.

माझे डोळे वाहत होते आणि पाणी थंडीत गालावरच गोठत होतं. ती नेहमीसारखी उतरण मोजायला निघाली. मी फावडं टेकवून ठेवलं आणि तिच्या शेजारून चालत मीही पावलं मोजली.